उघडें दार

आपल्या सुशिक्षित घरांतून कोणत्या गोष्टी मोकळेपणानें बोलल्या जातात व कोणत्या जात नाहींत, याची यादी कोणीं केली तर ती मोठी गमतीची होईल. पगार किती, पोटाचा विकार कोणता, सासूचें व थोरल्या सुनेचें कशावरून बिनसलें, हें सारें चहाच्या पेल्याबरोबर सहज निघतें. पण त्याच बैठकींत कोणीं गंभीरपणें विचारावें, "आपली ईश्वरावर श्रद्धा आहे काय? ती कशी जडली?" कीं सगळ्यांच्या नजरा खालीं वळतात, कोणी पेला उचलतो, कोणी पावसाची चौकशी करितो. जणूं कांहीं एखादी असभ्य गोष्ट घडली! श्रद्धा नाहीं म्हणून हा संकोच असतो असें मात्र नव्हे. ज्याच्या घरीं पहांटे देवापुढें निरांजन लागतें तोही तितकाच ओशाळतो. मनुष्यानें आपल्या दुर्गुणांची लाज बाळगावी हें समजण्यासारखें आहे. परंतु आपल्या जिवांतल्या सर्वांत चांगल्या गोष्टीचीही त्याला लाज वाटावी, हें कोडें मला अनेक वर्षें पडलेलें आहे.

मी ख्रिस्ती आहें, व माझें आयुष्य महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलें आहे. त्यामुळें ह्या कोड्याची एक विशेष बाजू मला जवळून पहावयास मिळाली. हिंदु शेजारी स्वतः गप्प राहिला तरी त्याचें देवघर, दारावरचें तोरण, कपाळावरचा टिळा हीं त्याच्या वतीनें बोलत असतात. मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या वतीनें बोलणारें असें फारसें कांहीं नसतें. त्याचें आडनांव बहुधा शेजाऱ्यासारखेंच, त्याची भाषा तीच, त्याच्या ताटांतली आमटी तीच. तो न बोलेल तर कोणास कळतही नाहीं, आणि बोलला कीं समोरचा गृहस्थ मोठ्या प्रेमानें म्हणतो, "तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाहीं हो!" हें वाक्य मीं आजवर किती वेळां ऐकलें असेल त्याची गणती नाहीं. तें प्रशंसा म्हणून म्हटलेलें असतें, व मी तें तसेंच घेतों. पण त्या प्रशंसेच्या पोटांत एक अर्थ दडलेला असतो. तो असा कीं, तसें 'वाटणें' ही कांहीं बरी गोष्ट नव्हे. लहान मुलाला हा अर्थ फार लवकर कळतो, आणि मग 'न वाटण्याची' कला त्याला निराळी शिकवावी लागत नाहीं.

आमच्या गांवाकडे मात्र ही कला कोणास ठाऊक नव्हती. आमचें मूळ घर भोर-वेल्ह्याकडचें. वेल्हे तालुक्यास आतां सरकारदरबारीं राजगड म्हणतात, आणि तें नांव त्याला शोभतेंही. कारण राजगड व तोरणा हे दोन्ही गड त्याच्याच अंगावर उभे आहेत. हा मावळी मुलूख पूर्वी भोरच्या पंतसचिवांच्या अमलाखालीं असे; १९४८ सालीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पाऊस, भात आणि कातळ, एवढ्या तीन शब्दांत ह्या मुलुखाचें वर्णन होतें. येथें प्रत्येक डोंगराला आपला देव आहे. तोरण्यावर मेंगाई, रायरेश्वराच्या पठारावर शंभु, नसरापुराजवळच्या झाडींत बनेश्वर. ह्या देवतांच्या भक्तांना आपली भक्ति कोणास सांगत बसावें लागत नाहीं. जत्रेच्या दिवशीं ती ढोलाबरोबर आपोआप खोरेंभर होते.

ह्या बाजूस ख्रिस्ती धर्माचें पाऊल पडलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९३ सालीं निघालेल्या 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' ह्या संस्थेनें नसरापुरास आपलें ठाणें केलें, आणि तिचीं माणसें खेड्यापाड्यांतून हिंडूं लागलीं. माझ्या लहानपणीं आमच्या खोऱ्यांत ख्रिस्ती घरें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. ढोल नाहीं, पालखी नाहीं, घंटाही नाहीं. अशा ठिकाणीं श्रद्धा ऐकूं जावयाची तर ती माणसाच्या तोंडूनच.

माझी आजी अशाच एका घरांतली. आषाढांत भाताची लावणी चाले तेव्हां पाठीवर इरलीं घेऊन बाया ओळीनें चिखलांत उभ्या असत. दुपारीं बांधावर भाकऱ्या सुटल्या कीं आजी डोळे मिटून, हात जोडून, शेजारणीस ऐकूं जाईल एवढ्या आवाजांत देवाचे आभार मानी. भोवतालच्या बाया भाकरीचा तुकडा हातांत धरून थांबत. त्यांना कोणीं थांबा म्हटलेलें नसे. एखादे दिवशीं प्रार्थना लांबली कीं त्यांतलीच एक म्हणे, "आटप गं बये, भाकर निवून चालली. तुझ्या देवाला म्हणावं, बाकीचं उद्या ऐक." आजी हंसे, प्रार्थना आवरती घेई, आणि सगळ्याजणी जेवूं लागत. तिला अक्षर येत नव्हतें. 'साक्ष देणें' हा शब्द तिनें उपदेशांत ऐकला असेल. परंतु बांधावर बसून आपण कोणास साक्ष देत आहोंत, असें तिच्या स्वप्नींही नसेल. जेवण्यापूर्वीं ती हात धुई, तशीच प्रार्थना करी. आणि तिच्या मैत्रिणींनाही त्यांत चोरून पाहण्यासारखें किंवा भिण्यासारखें कांहीं दिसत नसे. पुढें मीं धर्मशास्त्रावरचीं बरींच पुस्तकें वाचलीं. पण श्रद्धा उघडपणें कशी बाळगावी ह्याचा त्याहून स्वच्छ नमुना मला कोठें आढळला नाहीं.

मग हा संकोच येतो कोठून? माझ्या समजुतीनें तो शिक्षणाबरोबर व शहराबरोबर येतो. त्याचे धागे दोन आहेत. एक हलका, एक मोलाचा. दोन्ही एकाच पिळांत वळलेले असल्यामुळें ते निरनिराळे ओळखणें कठीण जातें.

हलका धागा लोकनिंदेच्या भीतीचा. 'पोटासाठीं बाटले', 'साहेबाच्या मागें गेले', हीं वाक्यें महाराष्ट्रांतल्या ख्रिस्ती घरांनीं पिढ्यान् पिढ्या ऐकलीं आहेत. साहेब जाऊन पाऊणशें वर्षें लोटलीं, तरी तीं वाक्यें गेलीं नाहींत. त्यांच्या जोडीला एक अत्यंत सभ्य प्रश्न असतो: "पण मूळचे तुम्ही कोण?" म्हणजे जात कोणती. ज्या घरांनीं जातीच्या जाचांतून सुटण्यासाठींच नवा मार्ग धरला, त्यांना तो प्रश्न कोठें लागत असेल हें विचारणाऱ्याच्या लक्षांतही येत नाहीं. अशा प्रश्नांना चुकविण्याचा सोपा उपाय म्हणजे गप्प राहणें.

दुसरा धागा दुसऱ्याविषयींच्या आदराचा आहे. माझा शेजारी ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनें चालला आहे. त्याची वाट त्याला उजेड देते आहे. तेथें मी आपली पिशवी उघडून, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याप्रमाणें माल कां दाखवावा? हा विचार हलका नव्हे. ज्याच्या मनाला तो कधीं शिवलाच नाहीं त्याच्या धर्मप्रचाराला मी भितों. खरी अडचण ही आहे कीं, पहिला धागा नेहमीं दुसऱ्याचें रूप घेऊन येतो. आपण भितों, आणि म्हणतों कीं आपण दुसऱ्याचा मान राखतों.

मराठी मनानें ह्या दोन धाग्यांची उकल करण्याचा पहिला प्रयत्न सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं केला. १८४९ सालीं मुंबईंत दादोबा पांडुरंग व त्यांचे मित्र यांनीं परमहंस सभा काढली. जातिभेद खोटा, ईश्वर एक, सर्व माणसें भावंडें, हीं तिचीं मतें. सभासद होऊं इच्छिणारास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. परंतु हें सारें बंद दाराआड. सभेचें कामकाज गुप्त, सभासदांचीं नांवें गुप्त. पुरेसें बळ जमल्यावर मग प्रगट व्हावयाचें असा बेत. तें बळ जमण्यापूर्वींच, १८६० च्या सुमारास, सभासदांची यादी कोणीं पळविली, आणि आपलीं नांवें आतां बाहेर पडणार ह्या धास्तीनें सभा मोडली. ह्या मंडळींस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्यांच्या काळीं बहिष्कार म्हणजे विहीर बंद, न्हावी बंद, मुलीचें लग्न बंद. पुढें १८६७ त त्यांच्यांतल्याच कांहींच्या हातून प्रार्थना समाज उभा राहिला, तो मात्र उघडपणें. पण एक गोष्ट ह्या इतिहासांतून निघते. जें मत केवळ एका यादीच्या चोरीनें मरतें, तें मत जिवंत होतें तें यादीपुरतेंच.

त्याच सभेच्या सभासदांत बाबा पदमनजी हे एक होते. बेळगांवास १८३१ सालीं त्यांचा जन्म झाला. मनानें ख्रिस्ती झाल्यानंतरही कित्येक दिवस त्यांचें पाऊल अडखळत राहिलें. घर, आईबाप, जात ह्यांच्या ओढीनें ते आंतल्या आंत झुरत होते. अखेर १८५४ त बेळगांवीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आपल्या 'अरुणोदय' ह्या १८८४ सालच्या आत्मचरित्रांत त्यांनीं ह्या मधल्या दिवसांची हकीकत मोठ्या प्रामाणिकपणें सांगितली आहे. मला त्या पुस्तकांत सर्वांत मोलाचें वाटतें तें वादविवादाचें प्रकरण नव्हे, तर हें: मनांत एक व बाहेर एक असें जगतांना माणसाची झोप कशी उडते, त्याचें चित्र.

हें वाचतांना इंग्रजीच्या प्राध्यापकास संत ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनांतील व्हिक्टोरिनसची आठवण होणें साहजिक आहे. चौथ्या शतकांतला हा रोमचा नामांकित वक्तृत्वशिक्षक. विद्वत्तेसाठीं त्याचा पुतळा उभारलेला. म्हातारपणीं बायबल वाचून त्याची खात्री पटली, आणि तो आपल्या एका मित्रास एकांतांत सांगूं लागला कीं मी आतां ख्रिस्ती झालों. मित्र म्हणे, मंदिरांत तुला पाहीन तेव्हां खरें मानीन. त्यावर व्हिक्टोरिनस थट्टेनें विचारी कीं, माणूस ख्रिस्ती होतो तो काय भिंतींमुळें? हा विनोद त्यानें पुष्कळ वेळां केला. शेवटीं एके दिवशीं तो स्वतःच म्हणाला, चल, मंदिरांत जाऊं. संकोची माणसांस खासगी रीतीनें कबुली देण्याची तेथें सवलत असे. त्यालाही ती देऊं केली होती. त्यानें ती नाकारली. जें शास्त्र आपण जन्मभर शिकविलें त्यांत मुक्ति नव्हती, तरी तें आपण चारचौघांत शिकविलें; मग ज्यांत ती आहे तें सांगतांना कां लाजावें, असा त्याचा विचार. आम्हां शिक्षकांच्या मर्मावर ह्या गोष्टीचा नेम अचूक बसतो. दुसऱ्यांच्या श्रद्धेवर तासन् तास बोलणें हा आमचा धंदा. स्वतःच्या श्रद्धेवर एक वाक्य बोलावयाचें झालें कीं आमची जीभ जड होते.

बाहेरच्या धाकाचा विचार करावयाचा तर पुण्यांतलें चहाचें प्रकरण विसरतां येत नाहीं. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनांत एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतले मोठमोठे गृहस्थ जमले, व त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांतून जाहीर केलीं, आणि मोठें ग्रामण्य माजलें. रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला, व त्यांनीं तें घेतलें. एक पेला चहा जेथें एवढा महाग पडे, तेथें श्रद्धा बदलल्याचें उघड सांगणारांनीं काय किंमत मोजली असेल, त्याची कल्पना यावी.

ती किंमत सर्वांत जास्त मोजली पंडिता रमाबाईंनीं. १८८३ त इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. संस्थेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, प्रत्येक मुलीनें आपापला आचार पाळावा, असा करार होता. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. शहरांत गवगवा झाला. दार लावून प्रार्थना करा, असें रमाबाईंस सुचविण्यांत आलें. त्यांनीं तें मानलें नाहीं. १८९३ त रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं संबंध सोडला, व अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या प्रसंगाकडे मी अनेकदां वळतों, कारण येथें दोन्ही बाजूंस सज्जन माणसें होतीं. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, प्रत्येकीला आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक येथें आहे, तर ती मलाही असली पाहिजे. मी कोणास बोलावीत नाहीं, पण लपूनही बसणार नाहीं. उलट रानडे-भांडारकरांसारख्यांना वाटलें कीं, ज्या मुलींना दुसरें घर नाहीं त्यांच्या दृष्टीनें संचालिकेचें उघडें दार हेंच एक बोलावणें होतें. माझें मन रमाबाईंकडे झुकतें. तथापि दुसऱ्या बाजूचा प्रश्न मला खोटा म्हणतां येत नाहीं. ऐकणारास उठून जाण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, हा तो प्रश्न. दार उघडें असावें तें दोन्ही दिशांनीं; आंत येण्यास जसें, तसेंच बाहेर जाण्यासही. भुकेलेल्याला भाकरीबरोबर, रोग्याला औषधाबरोबर, विद्यार्थ्याला गुणांबरोबर जो आपला धर्म देतो, त्याच्या दाराला बाहेरून कडी असते.

म्हणून वर्गांत मी एक नियम पाळीत आलों आहें. मिल्टन किंवा हर्बर्ट शिकवितांना मी कवीची श्रद्धा समजावून देतों, माझी मध्यें आणीत नाहीं. मुलें हजेरीसाठीं बसलेलीं असतात, त्यांना उठून जातां येत नाहीं. परंतु दरवर्षीं कोणी तरी एक तासानंतर मागें रेंगाळतो आणि विचारतो, "सर, हें सगळं तुम्ही स्वतः मानतां?" त्याला मी 'होय' म्हणतों, व कां मानतों तें दोन वाक्यांत सांगतों. प्रश्न त्याचा असतो, वेळ त्याची असते. त्याला चार विद्वानांचीं मतें ऐकवून वाटेस लावणें, हा त्या मुलाचा अपमान होईल.

आपल्या राज्यघटनेनेंही हा विवेक केलेला आहे. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हां प्रचाराचा हक्क त्यांत असावा कीं नसावा यावर बराच खल झाला, व तो ठेवण्यांत आला. तेंच आजचें २५ वें कलम. पुढें १९७७ त सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, आपल्या धर्माचीं तत्त्वें सांगण्याचा हक्क त्यांत आहे, दुसऱ्याचें धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नाहीं. ह्या निर्णयावर मतभेद पुष्कळ आहेत. पण कायदा फार तर दाराची चौकट उभी करील. ओशाळलेल्या जिभेला तो बोलतें करीत नाहीं.

तिला बोलतें केलें तें भाषेनें. नारायण वामन टिळकांचें मोठेपण मला ह्यांत वाटतें. १८९५ त मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ख्रिस्ताविषयीं बोलण्यासाठीं त्यांनीं परकी भाषा उसनी आणली नाहीं. अभंग, ओवी, कीर्तन हीं जीं महाराष्ट्राचीं भक्तीचीं भांडीं, त्यांतच त्यांनीं आपलें पाणी भरलें. आपण ख्रिस्तापर्यंत आलों ते तुकोबांच्या वाटेनें, असें ते मानीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची गोष्ट तर याहून बोधप्रद. पतीच्या धर्मांतरानें त्यांचें आयुष्य उलथून गेलें. पांचएक वर्षें दोघें दुरावलीं. १९०० सालीं त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९३४ ते १९३६ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत त्यांनीं हें सारें सांगितलें. रडणें सांगितलें, रुसणें सांगितलें, सोवळ्या-ओवळ्याच्या आपल्याच कल्पनांची फजिती सांगितली. उपदेश जवळजवळ नाहींच. हिंदु घरांतल्या आयाबायांनीं तें पुस्तक आपलें मानून वाचलें, व अजून वाचतात. श्रद्धा ही सिद्धांत म्हणून सांगितली तर ऐकणारा वादाला उठतो; घरची हकीकत म्हणून सांगितली तर तो पाट ओढून जवळ बसतो.

तरीही परकेपणाचा शिक्का लवकर पुसत नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' मराठींत सिद्ध केलें. जन्मभर मराठींत लिहिलें. २०२० च्या जानेवारींत भरलेल्या उस्मानाबादच्या, म्हणजे आतांच्या धाराशिवच्या, त्र्याण्णवाव्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदीं त्यांची निवड झाली, तेव्हां ते ख्रिस्ती धर्मगुरु आहेत एवढ्याच कारणासाठीं विरोध उठला. ते गेले, अध्यक्षपदावरून बोलले, आणि ज्यांना ऐकावयाचें होतें त्यांनीं ऐकलें. २०२४ त ते निवर्तले.

ह्या साऱ्या विचाराची परीक्षा आमच्या घरांत झाली ती २०१९ च्या पावसाळ्यांत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं, प्राथमिक शाळेंतले शिक्षक. निवृत्तीनंतर ते गुंजवणीच्या खोऱ्यांतल्या घरींच राहिले, आणि तेथेंच गेले. त्यांच्या वहींत चार ओळी सांपडल्या. अंत्यविधि गांवांत व्हावा. प्रार्थना अंगणांत, मराठींत व्हावी. टिळकांचा एक अभंग म्हणावा. कोणास बसण्याचा आग्रह करूं नये. धाकटा भाऊ मला बाजूस घेऊन म्हणाला, "दादा, पुण्याला नेऊं. तिथं आपलं कब्रस्तान आहे, आपलीं माणसं आहेत. चाळीस वर्षांत गांवांत कोणाला बोट दाखवायला जागा मिळाली नाहीं. आतां शेवटच्या दिवशीं उघड्यावर प्रार्थना कशाला? दिवस कसे आहेत तें तूं वाचतोसच." त्याचें म्हणणें भ्याडपणाचें नव्हतें. शेत तोच पाही; बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यांशीं उद्यां त्यालाच वागावयाचें होतें. रात्रभर आम्ही दोघे पडवींत बसून होतों. पहांटे तोच म्हणाला, "वहींत आहे तसं होऊं दे."

गांव आलें. अंगणांत पावसासाठीं ताडपत्री बांधलेली. भजनी मंडळींतले लोक टाळ घेऊन आले होते, कारण गांवांत मयत झालें कीं ते येतात. कोणाच्या धर्माचें हा विचार त्यांनीं केलेला दिसला नाहीं. पखवाजवाल्या म्हाताऱ्यानें मला हळूच विचारलें, "सर, चाल कोणती?" मीं म्हटलें, "अभंगाचीच, नेहमींची." त्यानें मान डोलविली आणि पखवाज मांडीवर घेतला.

मला चार शब्द बोलावयाचे होते. तीस वर्षें शेंदीडशें मुलांपुढें बोललेल्या माणसाचा घसा त्या वेळीं कोरडा पडला. कारण येथें मिल्टनची श्रद्धा सांगावयाची नव्हती. मीं एवढेंच सांगितलें कीं, देव प्रत्येक लेंकराला त्याच्या नांवानें ओळखतो अशी अण्णांची ख्रिस्तावरून श्रद्धा होती. म्हणून त्यांनीं वर्गांतल्या एकाही मुलाला टोपणनांवानें, आडनांवानें किंवा जातीच्या नांवानें कधीं हांक मारली नाहीं. आणि आज त्यांनाही कोणीं तरी नांवानें हांक मारली आहे, असें आम्ही मानतों. अंगणांतले निम्मे पुरुष त्यांचे विद्यार्थी होते. परततांना त्यांतला एक पन्नाशीचा शेतकरी थांबला आणि म्हणाला, "गुरुजी आम्हांला पुऱ्या नांवानं बोलवायचे. आमच्या घरींसुद्धां कोणी तसं बोलवीत नव्हतं. कां बोलवायचे, तें आज कळलं."

त्या वाक्यानें माझ्या जुन्या कोड्याची गांठ बरीच सैल झाली. आपण मौन पाळतों तें शेजाऱ्याच्या मानासाठीं, असें आपण म्हणतों. पण शेजाऱ्यानें फळ खाल्लेलें असतें, आणि झाड कोणतें तें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. तें विचारण्याचा त्याला हक्क आहे. आणि त्यानें न विचारतांही, योग्य वेळीं, एकदां तरी, तें सांगणें हें आपलें देणें आहे. त्यानें तेंच झाड आपल्या दारीं लावावें, अशी अट त्यांत नाहीं. त्या शेतकऱ्यानें माझ्या धर्माविषयीं पुढें एक अक्षर विचारलें नाहीं, मीही काढलें नाहीं. तो दरवर्षीं आषाढींस पंढरीला जातो, आणि भेटला कीं अण्णांची आठवण काढतो.

सगळेंच गोड झालें असें मात्र सांगतां येणार नाहीं. ज्यांच्याशीं आमचा दोन पिढ्यांचा घरोबा, असें एक घर त्या दिवशीं आलें नाहीं. भावाशीं त्यांचें बोलणें कांहीं महिने तुटक राहिलें. दिवाळींत नेहमींप्रमाणें त्यांच्याकडून फराळाचें ताट आलें; कोणीं कांहीं विचारलें नाहीं, कोणीं सांगितलें नाहीं. किंमत पडते ती अशी. पुस्तकांतल्या हुतात्म्यांसारखी नव्हे, तर शेजारच्या ओट्यावरून येणारी हांक कांहीं दिवस बंद पडते. ही किंमत लहान आहे असें शहरांत राहणारानें म्हणूं नये.

संकोच समूळ जावा असें मला आतां वाटत नाहीं. ज्याला ईश्वराविषयीं बोलतांना मुळींच संकोच होत नाहीं, तो बहुधा ईश्वराविषयीं बोलत नसतो. स्वतःविषयीं बोलत असतो. विवाहित स्त्री-पुरुष आपल्या प्रेमाविषयीं बाजारांत बोलत नाहींत, पण कोणीं विचारलें तर नाकारीतही नाहींत. त्या जातीचा संकोच हा श्रद्धेचा पदर आहे. तो राहूं द्यावा. जावयास हवी ती लाज. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं आपल्या ठेव्याकडे पाहून तो हलका समजण्याची संवय. हें केवळ ख्रिस्ती माणसापुरतें नव्हे. ज्या सुशिक्षित वारकऱ्यानें कचेरींत माळ सदऱ्याआड सारली, ज्या विद्यार्थ्यानें बुद्धाचें नांव घेतलें कीं आपली जात कळेल म्हणून तोंड मिटलें, ज्या नास्तिकानें घरच्या सत्यनारायणाला मुकाट्यानें हात जोडले, त्या सर्वांचें हेंच दुखणें आहे. हीं सारीं माणसें एकमेकांच्या शेजारीं राहतात, एकमेकांच्या घरीं जेवतात, आणि जन्मभर एकमेकांना ओळखीत नाहींत.

कोणाचेंही दार ढकलूं नये. आपलें मात्र लावून घेऊं नये. जाणारा-येणारा आंत डोकावेल, एखादा पायरीवर टेकेल, बहुतेक जण आपल्या वाटेनें पुढें जातील. त्यांना निदान एवढें तरी कळेल कीं, ह्या घरांत दिवा आहे, आणि तो कशाच्या तेलावर जळतो.